साक्षीदाराची प्रतिमा आणि तिचा परतीचा प्रवास

१

एखाद्या देशातील क्रांती त्या देशाबाहेर पोहोचते ती बहुधा परक्या माणसाच्या लेखणीतून. ज्यांनी ती केली, ज्यांनी ती भोगली आणि ज्यांच्यावर ती कोसळली त्यांची भाषा बाहेरच्या वाचकाला येत नसते. त्यांची वर्तमानपत्रे एक तर बंद पडलेली असतात किंवा सीमेपलीकडे जात नाहीत. अशा वेळी बाहेरून आलेला एखादा वार्ताहर काही आठवडे वा काही महिने तेथे राहतो, पाहतो, ऐकतो आणि लिहितो. त्याचे लेखन प्रथम बातमी असते, पुढे त्याचा ग्रंथ होतो आणि कालांतराने तोच ग्रंथ त्या क्रांतीच्या इतिहासाचे साधन म्हणून उद्धृत होऊ लागतो. बातमीचे साधन होण्याच्या या स्थित्यंतरात नेमके काय घडते, हा केवळ वृत्तपत्रविद्येचा प्रश्न नाही. कथनाचे रूप, निवेदकाचे स्थान, भाषांतर आणि वाचकाच्या अपेक्षा हे सारे त्यात गुंतलेले असल्यामुळे तो साहित्यसमीक्षेचाही प्रश्न ठरतो.

या प्रश्नाचा एक आरंभीचा आणि पद्धतशीर तपास वॉल्टर लिपमन व चार्ल्स मर्झ यांनी केला. 'न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकाच्या ऑगस्ट १९२० मधील पुरवणीत त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मार्च १९१७ ते मार्च १९२० या तीन वर्षांत आलेल्या रशियाविषयक बातम्यांची छाननी प्रसिद्ध केली. बोल्शेविकांची सत्ता कोसळली आहे किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे या काळात ९१ वेळा छापले गेले होते. प्रत्यक्षात ती सत्ता टिकून होती. रशियात काय घडत आहे यापेक्षा तेथे काय घडावे असे वार्ताहरांना आणि संपादकांना वाटत होते, तेच वाचकांपुढे येत राहिले, असा त्यांचा निष्कर्ष होता. छापलेली बातमी आणि पुढे निर्विवाद ठरलेली घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहणे, ही त्यांची पद्धत.

ही पद्धत आजही उपयुक्त आहे. परंतु तिच्या दोन मर्यादा लक्षात घ्यावयास हव्यात. एक म्हणजे, ती विधानांना लागू पडते, प्रतिमेला लागू पडत नाही. 'अमुक शहर पडले' हे विधान खरे वा खोटे असू शकते. डोंगरातील गुहेत मेणबत्तीच्या उजेडात रात्ररात्र बोलत बसलेल्या नेत्याचे चित्र मात्र सर्व तपशिलांनिशी खरे असूनही वाचकाच्या मनात संपूर्ण क्रांतीची जागा व्यापून बसू शकते. तेथे प्रश्न खरेखोटेपणाचा राहत नाही. अंशाने पूर्णाची जागा घेण्याचा होतो. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. प्रतिमा क्रांतीच्या देशातून वाचकाच्या देशाकडे अशा एकाच दिशेने जाते, असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. वास्तविक ती परतही येते. ज्या देशाविषयी लिहिले त्या देशात ती भाषांतरित होते, स्वीकारली जाते, दुरुस्त होते किंवा दडपली जाते. आणि त्या देशाचे लोक आपलीच क्रांती काही अंशी परक्याच्या शब्दांत पाहू लागतात. जॉन रीड, एडगर स्नो आणि हर्बर्ट मॅथ्यूज यांच्या लेखनाकडे या परतीच्या प्रवासाच्या दृष्टीने पाहिले असता, परक्या वार्ताहराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

२

जॉन रीड (१८८७–१९२०) पेट्रोग्राडला पोहोचला तो कोऱ्या मनाने नव्हे. १९१३च्या अखेरीस 'मेट्रोपॉलिटन' मासिकाने त्याला मेक्सिकोला पाठवले होते. तेथे तो उर्बिनाच्या घोडदळाबरोबर राहिला, पांचो व्हियाला भेटला, आणि १९१४ साली त्याचे 'इन्सर्जंट मेक्सिको' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. या पुस्तकात घटनांचा क्रम कथनाच्या सोयीने बदललेला आहे, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले. मात्र क्रमबदलापेक्षा त्यातील भूगोल अधिक बोलका आहे. रीडची मेक्सिकन क्रांती ही प्रामुख्याने उत्तरेची, अमेरिकन सीमेवरून आणि रेल्वेने गाठता येणाऱ्या प्रदेशाची क्रांती आहे. दक्षिणेत मोरेलोसमध्ये गावच्या जमिनींसाठी लढणारी झापाताची शेतकरी चळवळ त्याने पाहिलेली नव्हती. जानेवारी १९१४ मध्ये व्हियाने म्युच्युअल फिल्म कंपनीशी युद्धाच्या चित्रीकरणाचा करारही केला होता. लढाया उजेडात लढाव्यात असे त्या करारात कलम होते, ही आख्यायिका पुढे फार लोकप्रिय झाली. उपलब्ध करारात तसे कलम नाही. परंतु उत्तरेची क्रांती कॅमेऱ्याला आणि लेखणीला सुगम होती आणि दक्षिणेची नव्हती, एवढे त्यावरून निश्चित होते. प्रतिमेची निवड वार्ताहराच्या मतांआधी त्याच्या वाटेनेच केलेली असते.

'टेन डेज दॅट शुक द वर्ल्ड' (१९१९) हा याच लेखकाचा अधिक प्रौढ ग्रंथ होय. या झगड्यात आपली सहानुभूती तटस्थ नव्हती, असे रीड प्रास्ताविकात सांगून टाकतो आणि तरीही सत्य नोंदवू पाहणाऱ्या वार्ताहराच्या दृष्टीने घटना पाहण्याचा प्रयत्न केल्याचे म्हणतो. या दुहेरी प्रतिज्ञेचे वाङ्मयीन रूप म्हणजे ग्रंथाची रचना. रीड भिंतींवरील पत्रके, जाहीरनामे, हुकूमनामे आणि भाषणे जशीच्या तशी कथनात आणतो. स्मोल्नीतील सोव्हिएतच्या सभेतून उठून विरोधकांच्या बैठकीत जातो. बोल्शेविकांचा द्वेष करणाऱ्यांनाही बोलू देतो. 'मी' हा निवेदक येथे आहे, पण तो बहुतेक वेळा दाराशी परवाना दाखवणारा, गर्दीत ढकलला जाणारा, भाषण अर्धवट ऐकणारा असा आहे. त्याचे रशियन भाषेचे ज्ञान तुटपुंजे होते आणि त्याला सोबत्यांच्या मदतीवर अवलंबून राहावे लागत होते. कागदपत्रांचा हा सोस म्हणजे काही प्रमाणात कानांची उणीव डोळ्यांनी भरून काढणेच होते. छापील पत्रक घरी नेता येते, शब्दकोश घेऊन वाचता येते. रस्त्यावरच्या कुजबुजीचे तसे नसते.

या रचनेची मर्यादाही उघड आहे. शीर्षकातील 'दहा दिवस' आणि 'जग' या दोन टोकांमध्ये १९१७च्या उन्हाळ्यातील खेडी हरवतात. जमीनदारांच्या जमिनी ताब्यात घेणारा रशियन शेतकरी या ग्रंथात मुख्यतः प्रतिनिधींच्या भाषणांतून आणि जमिनीविषयीच्या हुकूमनाम्यातून येतो. क्रांती म्हणजे राजधानीतील काही रात्री, हे समीकरण रीडच्या हेतूमुळे नव्हे तर त्याच्या कथनाच्या कालमापनामुळे दृढ झाले.

आता या ग्रंथाचा परतीचा प्रवास पाहावा. लेनिनने त्याला छोटेखानी प्रस्तावना लिहिली आणि तो सर्व भाषांत जावा अशी इच्छा व्यक्त केली. १९२३च्या रशियन आवृत्तीला क्रुप्स्कायाने प्रस्तावना लिहिली. भाषा आणि रीतिरिवाज न जाणणाऱ्या परदेशी माणसाने असे पुस्तक लिहावे याचे नवल तिने नोंदवले. १९२४च्या नोव्हेंबरमध्ये स्तालिनने ट्रॉट्स्कीविरोधी भाषणात रीडच्या ग्रंथातील एका प्रसंगावर बोट ठेवले. १० ऑक्टोबरच्या केंद्रीय समितीच्या गुप्त बैठकीचे त्यातील वर्णन ऐकीव आहे आणि पक्षापासून दूर असलेल्या लेखकाला ते कळणे शक्य नव्हते, असा त्याचा आक्षेप होता. हा आक्षेप तथ्याच्या दृष्टीने निराधार म्हणता येणार नाही. त्या बैठकीला रीड हजर नव्हताच. परंतु ज्या ग्रंथात ट्रॉट्स्की पानोपानी दिसतो आणि स्तालिनचा उल्लेख जेमतेम सापडतो, तो ग्रंथ पुढे सोव्हिएत संघात अनेक वर्षे वाचकांना मिळेनासा झाला, याचे कारण एका बैठकीच्या तपशिलात सापडत नाही. लेनिनची प्रस्तावना असलेला आणि ज्याचा लेखक क्रेमलिनच्या भिंतीशी पुरलेला आहे असा हा ग्रंथ. क्रांतीला आपल्या प्रतिमेवर स्वामित्व हवे असते, आणि परक्याच्या साक्षीची किंमत त्या स्वामित्वाच्या गरजेप्रमाणे वर-खाली होत राहते, हे येथे दिसते.

याच संदर्भात एक रूढ समज तपासून पाहण्यासारखा आहे. परका वार्ताहर क्रांतीला रोमांचक करतो आणि देशी इतिहास तिला जमिनीवर ठेवतो, असे सर्रास मानले जाते. हिवाळी राजवाड्यावरील हल्ल्याच्या बाबतीत नेमके उलटे घडले आहे. रीडच्या कथनात राजवाड्यात शिरणारे लोक गोंधळलेले आहेत. कोणी वस्तू उचलू लागतो, कोणी त्याला अडवतो. त्याच दिवशी आधी रीड आणि त्याचे सोबती त्या राजवाड्यात जवळजवळ विनासायास फिरून आलेले असतात. उलट, हजारो लोकांनी विशाल चौक ओलांडून केलेल्या भव्य हल्ल्याची प्रतिमा सोव्हिएत भूमीतच घडली. १९२० साली येव्रेइनोव्हने त्याच जागी हजारो जणांना घेऊन सादर केलेला नाट्यप्रयोग आणि त्यानंतर दशकपूर्तीनिमित्त आयझेन्स्टाइनने केलेला 'ऑक्टोबर' हा चित्रपट यांतून ती रूढ झाली. नाट्यप्रयोगाचे छायाचित्र पुढे प्रत्यक्ष घटनेचे छायाचित्र म्हणून छापले गेले. आयझेन्स्टाइनचा चित्रपट परदेशांत दाखवला गेला तो रीडच्या ग्रंथाच्या शीर्षकाखाली. देशी कल्पनाचित्राला परदेशी साक्षीदाराचे नाव मिळाले. साक्षीदाराने मात्र ते चित्र काढलेले नव्हते.

३

रीडच्या बाबतीत ग्रंथ लिहून झाल्यावर जे घडले, ते एडगर स्नोच्या (१९०५–१९७२) बाबतीत ग्रंथ लिहीत असतानाच घडले. म्हणून 'रेड स्टार ओव्हर चायना' (१९३७) ही संहिता या विषयात विशेष महत्त्वाची ठरते.

स्नो १९३६च्या उन्हाळ्यात शीआनहून नाकेबंदी ओलांडून उत्तर शेन्सीतील बाओआन येथे पोहोचला आणि ऑक्टोबरपर्यंत त्या मुलखात राहिला. चिनी कम्युनिस्टांविषयी बाहेरच्या जगाला तेव्हा जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. सरकारी वृत्तांत ते 'लाल डाकू' होते आणि माओ मेल्याच्या बातम्या अनेकदा छापून आल्या होत्या. ही भेट एका वार्ताहराच्या धाडसातून जशी घडली, तशीच कम्युनिस्ट पक्षाच्या गरजेतूनही घडली. सुंग छिंगलिंगच्या मध्यस्थीने तिची व्यवस्था झाली होती. योग्य वेळी योग्य साक्षीदार बोलावला गेला आणि तो साक्षीदार प्रामाणिक होता; ही दोन विधाने एकमेकांना छेद देत नाहीत. प्रामाणिकपणा हाच त्या निमंत्रणाचा आधार होता.

माओच्या आत्मकथनाची प्रकरणे ज्या रीतीने तयार झाली ती रीत स्नोनेच नोंदवून ठेवली आहे. माओ रात्री गुहेत बोलत असे. वू लियांगपिंग त्याचे इंग्रजीत भाषांतर करी आणि स्नो टिपून घेई. मग त्या इंग्रजी टिपणांचे चिनीत लेखन होई, ते माओ तपासून दुरुस्त करी, आणि दुरुस्त चिनी मजकूर वूच्या मदतीने पुन्हा इंग्रजीत येई. या पुनर्भाषांतरित इंग्रजीतून ग्रंथ छापला गेला. आणि ग्रंथ प्रसिद्ध होत असतानाच १९३७ साली माओचे हे 'आत्मचरित्र' इंग्रजीवरून चिनीत आले. माओने स्वतःचे आत्मचरित्र पुढे कधीच लिहिले नाही. म्हणजे चिनी क्रांतीच्या सर्वांत प्रसिद्ध नेत्याचा प्रथमपुरुषी 'मी' हा चिनीतून इंग्रजीत, इंग्रजीतून चिनीत आणि पुन्हा इंग्रजीत अशा फेऱ्या करून स्थिर झालेला 'मी' आहे. या मजकुराचा कर्ता कोण, हा प्रश्न येथे अलंकारिक राहत नाही. हुनानमधील बापाशी भांडणारा बंडखोर मुलगा, दुष्काळातील दंगली पाहणारा विद्यार्थी, ग्रंथालयातील अल्पवेतनी साहाय्यक, हा क्रम अमेरिकन वाचकाला परिचित असलेल्या, साध्या घरातून वर येणाऱ्या नायकाच्या चरित्राशी सहज जुळतो. तो क्रम स्नोने लादला असे म्हणण्यास आधार नाही, आणि माओने तो सहज सांगितला असे म्हणण्यासही नाही. प्रश्न विचारणाऱ्याला काय कळू शकेल याचा अंदाज घेऊन उत्तर देणारा आणि ते उत्तर छापण्यापूर्वी तपासणारा, अशा दोघांच्या व्यवहारातून तो आला आहे.

ग्रंथातील छायाचित्रांनाही हेच लागू पडते. अष्टकोनी टोपी घातलेल्या माओचे जे छायाचित्र पुढे चीनमध्ये घरोघरी गेले, त्यातील टोपी स्नोची होती. बोडक्या डोक्याने उभ्या राहिलेल्या माओला त्याने स्वतःची टोपी घालायला दिली. ती टोपी अर्थात स्नोला लाल सैन्याकडूनच मिळालेली होती. क्रांतीकडून मिळालेली वस्तू परक्याने क्रांतीला परत करावी आणि त्या देवघेवीतून अधिकृत प्रतिमा तयार व्हावी, यात या साऱ्या व्यवहाराचा नमुना दिसतो.

१९३८च्या आरंभी शांघायमध्ये या ग्रंथाचे चिनी भाषांतर निघाले. सेन्सॉरची नजर चुकवण्यासाठी त्याला 'पश्चिमेकडील प्रवासाची टिपणे' अशा अर्थाचे निरुपद्रवी शीर्षक देण्यात आले. ह्युएन त्संगाच्या भारतयात्रेवर आधारलेल्या जुन्या चिनी कादंबरीची आठवण त्या शीर्षकाने चिनी वाचकाला सहज झाली असणार. स्नोच्या कथनाची घडण यात्रेचीच आहे: वेशीवरचे धोके, नाकेबंदी, वाटेतील भेटी आणि शेवटी गुहेतील दर्शन. चिनी शीर्षकाने ही घडण ओळखली, एवढेच नव्हे, तर तिला देशी परंपरेत जागा मिळवून दिली. कित्येक चिनी तरुण हा ग्रंथ वाचून येनानच्या वाटेला लागले. लाँग मार्चमध्ये स्नो नव्हता. दादू नदीवरील पुलाचा प्रसंग त्याने भाग घेतलेल्यांच्या तोंडून ऐकून लिहिला. तरी त्या प्रसंगाला महाकाव्याची उंची मिळाली ती प्रथम त्याच्या पानांत.

ग्रंथाचा परिणाम वाचनापुरता राहिला नाही, याचा एक पुरावा महाराष्ट्राला जवळचा आहे. आठव्या सैन्याबरोबर राहिलेली अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली हिनेही चीनची हीच प्रतिमा जगापुढे नेली. सेनापती चू-तेने नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले, तेव्हा त्या मागणीमागे तिचाही हात होता. १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी डॉ. कोटणीस चीनमध्येच मरण पावले. १९४६ साली व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने त्यांची कथा भारतीय प्रेक्षकांपर्यंत नेली. वार्ताहराने घडवलेली प्रतिमा ही कागदावरची गोष्ट आहे, असे समजून तिची चिकित्सा करणाऱ्याने हे मरण विसरू नये. प्रतिमेवर विश्वास ठेवून माणसे आपले आयुष्य पणाला लावतात. म्हणूनच तिची चिकित्सा करावयाची असते.

स्नोच्या बाबतीत या जवळिकीची किंमतही नोंदवली पाहिजे. १९३८ साली अमेरिकन कम्युनिस्टांनी आक्षेप घेतल्यावर त्याने नव्या आवृत्तीत मॉस्कोच्या धोरणावरील काही टीका सौम्य केली. त्याहून गंभीर बाब पुढची आहे. तरुणपणी १९२९ साली वायव्य चीनमधील दुष्काळ स्नोने प्रत्यक्ष पाहिला होता. भुकेने मेलेल्या माणसांचे वर्णन त्याने केले होते. १९६० साली तो पुन्हा चीनमध्ये गेला तेव्हा देशात त्याहून कितीतरी भयंकर दुष्काळ चालू होता. त्यातील मृत्यूंचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. 'द अदर साइड ऑफ द रिव्हर' (१९६२) या ग्रंथात स्नोने, पूर्वीसारखा दुष्काळ आता चीनमध्ये नाही, अशी ग्वाही दिली. जे त्याला दाखवले गेले त्यात दुष्काळ नव्हता, हे खरे. पण १९३६ साली नाकेबंदी ओलांडून न दाखवलेले पाहायला गेलेला वार्ताहर १९६० साली दाखवलेल्यावर थांबला. पहिल्या प्रतिमेचा कर्ताच तिचा कैदी झाला.

१९७० साली हा प्रवास त्याच्या तार्किक शेवटाला पोहोचला. १ ऑक्टोबरला तिआनानमेनच्या सज्जावर माओने स्नोला शेजारी उभे केले आणि डिसेंबरमध्ये ते छायाचित्र 'पीपल्स डेली'ने पहिल्या पानावर छापले. वॉशिंग्टनला पाठवलेला तो निरोप होता. मात्र त्याचा अर्थ आपल्याला तेव्हा उमगला नाही, अशी कबुली किसिंजरने पुढे आठवणींत दिली. प्रतिमा घडवणारा अखेर स्वतःच चिन्ह झाला, आणि ज्याच्यासाठी ते चिन्ह होते त्याला ते वाचता आले नाही.

४

हर्बर्ट मॅथ्यूजचे प्रकरण अधिक प्रसिद्ध आणि त्यामुळे अधिक गैरसमजाचे आहे. डिसेंबर १९५६ मध्ये क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरलेला फिदेल कास्त्रो मारला गेल्याची बातमी सर्वत्र गेली होती. १७ फेब्रुवारी १९५७ रोजी मॅथ्यूज त्याला सिएरा माएस्त्राच्या जंगलात भेटला. २४ फेब्रुवारीला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती मुलाखत छापली. बातिस्ता सरकारने ही भेट काल्पनिक ठरवली, तेव्हा वृत्तपत्राने मॅथ्यूज आणि कास्त्रो एकत्र असलेले छायाचित्र छापून सरकारला तोंडघशी पाडले. एप्रिल १९५९ मध्ये विजयी कास्त्रोने न्यूयॉर्कमध्येच सांगितले की, तेव्हा आपल्याजवळ वीसएक माणसे होती आणि तीच फिरवून-फिरवून मॅथ्यूजला मोठ्या सैन्याचा भास करून देण्यात आला. हे असे घडल्याचे मॅथ्यूजने कधी मान्य केले नाही.

या विनोदी आख्यायिकेवर समीक्षेने फार वेळ घालवण्याचे कारण नाही. सैन्याची संख्या चुकली, हे लिपमन–मर्झ पद्धतीने दाखवता येते. प्रतिमेच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगे आहे ते मॅथ्यूज तेथे पोहोचला कसा, हे. हवानातील 'टाइम्स'ची प्रतिनिधी रूबी हार्ट फिलिप्स हिच्याशी संपर्क साधणारे, मॅथ्यूज दांपत्याला मोटारीने बेटाच्या दुसऱ्या टोकाला नेणारे, लष्करी चौक्या चुकवणारे कार्यकर्ते शहरी भूमिगत संघटनेचे होते. पैसा, शस्त्रे आणि माणसे तीच संघटना डोंगरात पाठवीत होती. पण मुलाखतीच्या कथनात शहर म्हणजे डोंगराकडे जाण्याचा रस्ता, आणि नायक म्हणजे रस्त्याच्या शेवटी पहाटेच्या धुक्यात भेटणारा दाढीवाला तरुण. मॅथ्यूजने स्पेनचे यादवी युद्ध पाहिले होते आणि प्रजासत्ताकाचा पराभव त्याच्या मनात सलत होता. जसा रीड मेक्सिको घेऊन पेट्रोग्राडला गेला, तसा मॅथ्यूज स्पेन घेऊन सिएरात गेला. प्रत्येक वार्ताहर नव्या क्रांतीच्या आत आधीची क्रांती वाचत असतो.

क्रांतीनंतर विजयी पक्षानेही आपला इतिहास डोंगरातूनच सांगितला. मूठभर गनिमांनी डोंगरात पेटवलेली ज्योत हे सूत्र पुढे लॅटिन अमेरिकेत निर्यात झाले आणि त्यावर भरवसा ठेवून अनेक तरुण मारले गेले. शहरी संघटनेचा वाटा कागदपत्रांच्या आधारे सविस्तर मांडणारा ज्युलिया स्वाइगचा ग्रंथ २००२ साली आला. मॅथ्यूजच्या कथनाने शहराला वगळले ते रचनेच्या सोयीसाठी. सत्तेने ते वगळले राजकीय सोयीसाठी. दोन भिन्न गरजा एकाच प्रतिमेत भागल्या, म्हणून ती इतकी टिकली.

क्यूबाने कम्युनिस्ट वळण घेतल्यावर अमेरिकेत मॅथ्यूजवर आरोपांचा भडिमार झाला. कास्त्रोला सत्तेवर यानेच बसवले, असे म्हटले जाऊ लागले. अँथनी डीपाल्माने २००६ साली लिहिलेल्या त्याच्या चरित्राचे शीर्षकच, फिदेलचा शोध लावणारा माणूस, अशा अर्थाचे आहे. स्तुती असो वा निंदा, या विधानामागचे गृहीतक एकच आहे: क्रांती क्यूबन लोकांनी केली नाही, ती न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने केली. परक्या वार्ताहराच्या प्रभावाची चिकित्सा करताना समीक्षकाने हा धोका ओळखला पाहिजे. प्रतिमेच्या सामर्थ्याला अवास्तव मोल दिले की ज्यांची क्रांती त्यांच्या हातून ती दुसऱ्यांदा काढून घेतली जाते.

५

वरील तिन्ही उदाहरणांत वार्ताहराला सहानुभूती होती. सहानुभूती हाच दोष, असा निष्कर्ष यातून कोणी काढील. तो इराणच्या उदाहरणापुढे टिकत नाही. एडवर्ड सैदने 'कव्हरिंग इस्लाम' (१९८१) या ग्रंथात, तेहरानमध्ये ओलीसप्रकरणी जमलेल्या शेकडो पाश्चात्त्य वार्ताहरांना फारसी येत नव्हती, याकडे लक्ष वेधले. तेथे सहानुभूती नव्हती आणि भाषाही नव्हती. निघालेली प्रतिमा संतप्त जमावाची होती. दुसऱ्या टोकाला मिशेल फूको. १९७८च्या सप्टेंबर व नोव्हेंबरमध्ये तो इराणला गेला आणि 'कोरिएरे देल्ला सेरा' या इटालियन दैनिकासाठी त्याने लेख लिहिले. सत्ता आणि ज्ञान यांच्या संबंधांचा एवढा सूक्ष्म अभ्यासक. पण त्याच्या लेखांत इराणी जनता एकाच सामुदायिक इच्छेने बोलताना दिसते आणि तिच्यातील भेद मावळतात. पॅरिसमधील नियतकालिकात नोव्हेंबर १९७८ मध्ये 'आतुसा एच.' या नावाने एका इराणी स्त्रीचे पत्र छापून आले. पाश्चात्त्य डाव्यांना जी आध्यात्मिकता दुसऱ्याच्या देशात हवीशी वाटते तिची किंमत इराणी स्त्रियांना मोजावी लागेल, असा तिचा इशारा होता. फूकोने तिला दिलेले उत्तर त्रोटक होते. ८ मार्च १९७९ रोजी सक्तीच्या पडद्याविरुद्ध तेहरानमधील स्त्रिया रस्त्यावर आल्या.

येथे परतीचा प्रवास फार लवकर झाला. ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांच्यापैकी एकीने मजकूर वाचला आणि तो नाकारला. तिच्या आक्षेपात फूकोच्या तपशिलातील चुका दाखवलेल्या नाहीत. 'इराणी जनता' या कर्त्याखाली आपल्याला गृहीत धरण्यास तिने नकार दिला आहे. कापुश्चिन्स्कीने 'शाह ऑफ शाहज' (१९८२) मध्ये या अडचणीवर रूपाच्या अंगाने तोड काढली. हॉटेलच्या खोलीत पसरलेली छायाचित्रे, ध्वनिफिती आणि टिपणे यांतून त्याने मुद्दाम तुकड्यांचे कथन रचले. अपुरेपणाची कबुली येथे रचनेतच आहे. पण त्याच्या लेखनातील काही तपशील कल्पित असल्याचे पुढे दोमोस्वाव्स्कीच्या चरित्रग्रंथाने (२०१०) चर्चेत आणले. रूपाची आत्मजाणीव ही साक्षीच्या विश्वासार्हतेची हमी होऊ शकत नाही.

६

या विवेचनातून परक्या वार्ताहराच्या क्रांतिलेखनाला विचारावयाचे चार प्रश्न हाती येतात. पहिला प्रवेशाचा: लेखक तेथे कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या वाटेने पोहोचला, आणि त्या वाटेवर कोणता प्रदेश लागला नाही? दुसरा भाषेचा: ऐकलेले शब्द कोणाच्या तोंडून, किती भाषांतरांतून आले आणि छापण्यापूर्वी कोणी तपासले? तिसरा रूपाचा: यात्रा, नायकाची भेट, दहा दिवस यांसारख्या कोणत्या घडणीने क्रांतीचा काळ आणि पट आखला? चौथा परतीचा: तो मजकूर त्या देशात कोणत्या नावाने गेला, कोणी स्वीकारला, कोणी दडपला आणि कोणी त्याला उत्तर दिले? खरेखोटेपणाचा प्रश्न यांनी रद्द होत नाही. १९६०चा दुष्काळ होता की नव्हता हा प्रश्न कोणत्याही संहिताविचारात विरघळू देता कामा नये. मात्र प्रामाणिक साक्षीदाराकडूनही अपुरी प्रतिमा का आणि कशी घडते, हे या चार प्रश्नांवाचून कळत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने यात आणखी एक पदर आहे. रशियाची, चीनची, क्यूबाची क्रांती त्याच्यापर्यंत मुख्यतः इंग्रजीतून आणि इंग्रजीवरून मराठीत आली. ज्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून रीड वा स्नो लिहीत होता, तो हा वाचक नव्हे. दोघांमधील संभाषण तिसऱ्याने ऐकावे तसे त्याचे स्थान आहे. हे स्थान गैरसोयीचे असले तरी चिकित्सेला अनुकूल आहे. तिसऱ्याला बोलणाऱ्याइतकाच दुभाषाही दिसतो. बाओआनच्या गुहेत माओ आणि स्नो यांच्यामध्ये बसलेला वू लियांगपिंग हा एंगेल्सचा 'अँटी-ड्यूरिंग' चिनीत आणणारा अनुवादक होता. शब्दांची निवड म्हणजे काय हे त्याला नेमके ठाऊक होते. जगाने त्या रात्रींतील दोनच माणसे लक्षात ठेवली. त्या रात्रींतून आलेल्या आत्मकथनाचा मजकूर मात्र तिघांचा आहे.